व्हिडिओतले जावईबापू

प्रीतमने व्हिडिओ एक फ्रेम पुढे सरकवला. जावईबापूंचे डोळे मिटलेले. आणखी एक फ्रेम. डोळे उघडले, पण तोंडात अख्खा गुलाबजाम. आणखी पुढे गेला तर बापूंनी मानच फिरवली, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा उरला.

"अरे, एक क्षण तरी नीट थांब की बाबा!" प्रीतम स्क्रीनवर खेकसला.

लातूरच्या त्याच्या स्टुडिओत आठवडाभर हेच चाललं होतं. नीलाबाई पेन ड्राइव्ह घेऊन आल्या होत्या. त्यात त्यांच्या मुलाच्या, बसवंतच्या लग्नाचा व्हिडिओ होता, प्रीतमनेच केलेला. नीलाबाई पेन ड्राइव्हलाही कॅसेटच म्हणत.

"ह्या कॅसेटीतून आमचा जावई काढून द्या, भाऊ," त्या म्हणाल्या होत्या. "उमाशंकर."

"एखादा चांगला बघून काढतो, मावशी."

"एखादा न्हाई. जिथं जिथं दिसंल, तिथून काढा."

प्रीतमने सहज विचारलं, जावई कुठे असतात म्हणून.

"गेला," नीलाबाई म्हणाल्या.

"अरेरे! अचानक?"

"अचानकच. ऐन दिवाळीत. जेवता जेवता उठला अन् गेला. भरलं ताट तसंच. माझी अक्षरा बघत बसली."

प्रीतमला जरा खटकलं. जावयाला कुणी 'गेला' म्हणत नाही, 'गेले' म्हणतात. पण तरणाताठा माणूस असा जातो, तेव्हा कुठला मानपान आठवतो कुणाला?

"रविवारी बारसं हाय, बसवंतच्या लेकीचं," नीलाबाईंनी पदराने डोळे टिपले. "सोयरे यायलेत. त्याच्या आत झालंच पाहिजे. लेक तेव्हापासून हसली न्हाई, चारचौघांत बसंना झाली. रविवारी ती समद्यांत बसली पाहिजे. एवढं माझ्या लेकीसाठी करा."

घरात जावयाचा धड एक फोटो नसणार, प्रीतमने ताडलं. नवऱ्याचा चेहरासुद्धा डोळ्यांपुढे नाही म्हटल्यावर पोरीचं मन कशात लागावं? त्याने काम हातात घेतलं आणि तिथेच फसला.

लोकांना वाटतं, व्हिडिओ थांबवायचा, बटण दाबायचं, झाला फोटो! एचडी आहे म्हणे! अहो, एचडी म्हणजे काय जादूटोणा आहे? मंगल कार्यालयात पिवळट उजेड, आणि त्यात हा गडी पारा प्यायल्यासारखा. सेकंदाला पंचवीस फ्रेम, आणि पंचवीसही फ्रेममध्ये हलतोय! वरातीत नाचताना हा, आहेर घेताना हा, नवरदेवाचा फेटा सावरायलाही हाच. लग्न बसवंतचं होतं की ह्याचं, तेच कळेना. स्क्रीनशॉट मारला की चेहऱ्याचं पिठलं व्हायचं. म्हणून मूळ फाइल उघडायची, एकेक फ्रेम वेगळी काढायची, तोंडावरची सावली उजळायची. एवढं करून बघावं तर डोळे अर्धवट मिटलेले. दुसरी कामं तशीच पडली होती आणि गिऱ्हाइकं फोनवर शिव्या घालत होती.

मध्येच एकदा नीलाबाई आल्या. प्रीतमने मोठ्या उत्साहाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"बघा मावशी, हे एवढे काढले."

त्यांनी झटकन तोंड फिरवलं. "मला नका दाखवू. बघवत न्हाई. सगळे निघाले का?"

"सगळे कसे निघतील?"

"म्हंजी, अजून हाय त्यात?"

"भरपूर हाय!"

"मग काढा की! हातावर हात ठिवून काय बसलाव?"

प्रीतमने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मावशी, एक चांगला निघाला तरी बास होतंय. माझं ऐका."

"एकानं काय व्हतंय, भाऊ?" असं म्हणून त्या चपला घालून निघूनही गेल्या.

काय म्हणावं ह्या बाईला? बरं, चिडावं तर दुःखातलं माणूस. प्रीतमने दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा खुर्ची ओढली.

शेवटी मंगलाष्टकांत बापू सापडले. हातात अक्षता, कॅमेऱ्याकडे सरळ नजर, ओठांवर हसू, आणि चक्क स्थिर! प्रीतम खुर्चीतून उठून नाचलाच. तो फोटो त्याने मोठा केला, छापून घेतला, लाकडी चौकटीत बसवला. एवढं केलंच आहे, तर अर्धवट कशाला सोडायचं? म्हणून त्याने स्वतःच्या मनाने वर चंदनाचा हारही घातला. पोरीला निदान एवढा तरी आधार, असं त्याला मनापासून वाटलं.

रविवारी तो कागदात गुंडाळलेली चौकट घेऊन नीलाबाईंच्या घरी पोचला. पाळणा सजला होता, बैठकीत सोयरे दाटीवाटीने बसले होते. अक्षरा एकटीच आतल्या दाराशी उभी होती. प्रीतम तिच्यापुढे गेला, कागद उलगडला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, आमच्याकडून जमलं तेवढं केलं."

बैठकीतले सोयरे माना उंचावून बघायला लागले. नीलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई! हे काय करून आणलाव, भाऊ?"

"तुम्हीच म्हणलाव ना, काढून द्या!"

"कॅसेटीतून काढून टाका म्हणले मी त्याला! जिता हाय तो! पुण्यात दुसरं बिऱ्हाड थाटून बसलाय!"

प्रीतमचे कान तापले. त्याने घाईघाईने हाराला हात घातला, तर अक्षराने त्याचं मनगट धरलं. ती फोटोकडे बघत राहिली. तिचे खांदे हलायला लागले. पोरगी रडायला लागली, असं वाटून प्रीतमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिने मान वर केली, तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हार राहू द्या, दादा," ती म्हणाली आणि सगळ्या सोयऱ्यांच्या देखत आत बघून ओरडली, "बसवंत, खिळा अन् हातोडी आण रे!"