विनाकारण

बागेतल्या बाकाशेजारची पाटी म्हाताऱ्या पेंटरनेच कधीकाळी रंगवली होती: ‘येथे विनाकारण बसू नये.’ तेव्हा विनाकारण बसायला त्याला फुरसतच नव्हती. आता घर एका खोलीचं, सून रात्रपाळी करून दिवसभर झोपायची. म्हणून तो सकाळीच बाहेर पडायचा आणि या बाकावर टेकायचा. नव्या रखवालदाराने हटकलं, “काका, बसायचं कारण?” गुडघे दुखतात, हे कारण पालिकेच्या नियमांत नव्हतं. घरी जाता येत नाही, हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो रंगाचा डबा आणि ब्रश घेऊनच आला. “पाटीचा रंग उडालाय. नवा देतोय,” म्हणाला. रखवालदार निघून गेला. आठवडाभर पेंटर ‘विनाकारण’वरूनच ब्रश फिरवत बसला. शेवटी रखवालदाराने डब्यात डोकावून पाहिलं. “अहो काका, यात रंगच नाही!” पेंटरने मान वर केली नाही. “म्हणून तर वेळ लागतोय.”