उरलेला चहा

प्रसूतीच्या खोलीत सिस्टरने माहेरी बाळंतपणाला आलेल्या तिच्या मोबाईलवरचा आरोग्य-ओळखपत्राचा कोड स्कॅन केला. सासरच्या दवाखान्यातले गरोदरपणीचे रिपोर्ट उघडले, तशी सिस्टर दाराशी उभ्या असलेल्या तिच्या आईला म्हणाली, "मावशी, जरा बाहेर थांबा."

मग हळूच विचारलं, "बी प्रकारची कावीळ आहे तुला. घरी कुणाला माहितेय?"

"मला आणि या मोबाईलला."

"घाबरू नकोस. आधी कळलं ते बरं झालं. बाळाला जन्मताच लस देऊ."

कळ सोसत ती म्हणाली, "आईला नाही ना होणार? लहानपणापासून माझा उरलेला चहा तीच पिते. बाळंतपणाला आल्यापासून मी तो मोरीत ओतते. निजतेही वेगळी. तिला वाटतं, लेकीला आता आईची किळस येते."

सिस्टरने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "अगं वेडे, उष्ट्यानं नाही पसरत ही. जवळ झोपल्यानंही नाही. कुणाला तरी विचारायचंस!"

विचारायला होतं कोण?

तेवढ्यात दाराआडून आईचा आवाज आला, "सिस्टर, तिला चहा द्या हो. अर्धाच कप आणलाय. जास्त दिला की ओतून टाकते."