एक पन्नास ते एक दहा

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद परत सरकवला. "वेळा उलटसुलट झाल्यात. जन्म एक पन्नास, मृत्यू एक दहा. असं कसं होईल?"

"झालंय तसंच, मॅडम," बस ड्रायव्हर म्हणाला. पाच दिवसांत त्यानं दाढीला हात लावला नव्हता. "शनिवारी रात्री दोन वाजता घड्याळं मागे घेतली ना, तेव्हाचं आहे हे. एक पन्नासला मुलगी झाली. दहा मिनिटांनी दोनचे परत एक वाजले. आणखी दहा मिनिटांनी ती गेली."

हिवाळा तोंडावर आला की अख्ख्या देशाची घड्याळं एक तास मागे जायची. सकाळचा उजेड वाया जाऊ नये म्हणून. रात्रपाळीचे ड्रायव्हर तेवढे करवादायचे, की तोच तास दोनदा गाडी हाकायची. तोही दरवर्षी त्यांच्यात सामील व्हायचा.

बाईंनी आकडे टाकून पाहिले. पडद्यावर लाल रेघ आली.

"हा कॉम्प्युटर घेतच नाही हो. जन्माच्या आधी मृत्यू कसा, म्हणतोय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक करता येईल. मृत जन्मली असं लिहू. एकच फॉर्म लागेल, तुमचे हेलपाटे वाचतील."

"नको."

"अहो भाऊ, वीस मिनिटांसाठी कशाला..." बाई मध्येच थांबल्या.

"रडली ती," तो म्हणाला. "चांगली खणखणीत रडली. मग माझं बोट धरून पडून राहिली. पकड घट्ट होती, मॅडम. तिला मृत लिहून आलो, असं तिच्या आईला कोणत्या तोंडानं सांगू?"

रांगेत कुणीतरी घसा खाकरला. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला, त्या रात्रीच्या नर्सला फोनवर बोलावून घेतलं. "घड्याळ मागे घेतल्यानंतरचे एक दहा ना?" एवढंच विचारून फोन ठेवला.

"जन्म जुन्या वेळेनं आहे, तर मृत्यूही जुन्या वेळेनंच धरू. दोन दहा. साहेबांनी विचारलं तर माझं मी बघून घेईन."

लाल रेघ गेली. खाली आणखी एक रकाना उघडला.

"नाव सांगा," बाई म्हणाल्या. "त्या मृत जन्माच्या फॉर्मवर नावाचा रकाना नसतो."

नाव होतं. सातव्या महिन्यातच दोघांनी ठरवलं होतं आणि घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. आत्यालासुद्धा नाही, ती रुसली तरी. रात्री कुजबुजत घ्यायचं, एवढंच.

त्यानं सांगितलं.

"ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं."

त्यानं काचेला हात टेकवला आणि आतल्या खोलीत खेळणाऱ्या पोरीला हाक मारावी तसं, मोठ्यानं सांगितलं.