टूसॉनला जायचा शुक्रवार

"त्या कॅक्टसला पहिला फाटा फुटायला सत्तर वर्षं लागतात म्हणे," चहाचा कप पुढे सरकवत अरुणा म्हणाली. "म्हणजे तुमच्याहून थोडा धाकटाच म्हणायचा."

शरदचंद्र हसले. अगदी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे. वीस वर्षं दर फेब्रुवारीत घरची, सस्काटूनची थंडी मागे टाकून दोघं टूसॉनला जायची. वाळवंटातल्या त्या शहरात हे कॅक्टस तिला दाखवले ते त्यांनीच. पोटॅशच्या खाणींत उभी हयात घालवलेला भूगर्भशास्त्रज्ञ हा, आणि आता ह्याला कॅक्टससुद्धा नवा वाटावा!

"आणि दगडांचा मेळा?" त्यांनी विचारलं.

मग काय, ती सांगत बसली. फेब्रुवारीत ते सगळं शहर दगडांच्या मागे वेडं होतं. मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शन असतंच, शिवाय व्यापारी हॉटेलांतल्या खोल्या घेतात आणि तिथेच रत्नं मांडून बसतात. महिनाअखेरीला रोडिओ, म्हणजे बिथरलेल्या घोड्या-बैलांवर बसायचे खेळ, त्यासाठी शाळांनाही सुट्टी. डोंगरापलीकडे वाळवंटाचं म्युझियम, तिथे हमिंगबर्ड डोक्यावरून भिरभिरत जातात. शरदचंद्र मान हलवत ऐकत होते. मधूनच तिच्याकडे टक लावून बघत होते.

ती सांगत होती त्यात काही खोटं नव्हतं. फक्त टूसॉनला कोणी जाणार नव्हतं.

युक्ती शंतनूची, त्यांच्या मुलाची. नॉर्थ यॉर्कच्या आपल्या घरून आल्या आल्या त्याने आईला बेसमेंटमध्ये नेलं आणि हळू आवाजात सांगितलं की आता घरी जमणं शक्य नाही. गावाबाहेर चांगलं होम आहे, विसराळू म्हाताऱ्या माणसांसाठी तिथे वेगळा विभाग आहे, शुक्रवारी जागा मिळतेय.

"बाबांना काही बोलू नकोस," तो म्हणाला. "टूसॉनला जातोय एवढंच सांग. आणि तुझीही बॅग भर, नाहीतर त्यांना डाउट येईल."

अरुणा दोन दिवस रडली. मग तिने डोळे पुसले. तिला दिसत नव्हतं थोडंच? शेगडीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी, 'बंद केली का?' वॉशरूमच्या दारावर दुसरी. घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये सापडायच्या, आणि विचारलं की हे नुसते त्या पुसून खुंटीला लावायचे. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे गेले तेव्हाही खाली मान घालून बसले होते. बिचाऱ्याची लाज राखायची म्हणून डॉक्टरांच्या सगळ्या प्रश्नांना तिनेच उत्तरं दिली.

पण पटणं वेगळं आणि करणं वेगळं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी आधी सांगून मोकळी होणारी बाई ती. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिने ह्या माणसापासून काही लपवलं नव्हतं. आता उतारवयात त्याचा केसाने गळा कापायचा, तोही हसत, रोडिओच्या गप्पा मारत! तिला भीती एकाच गोष्टीची होती. तिथे गेल्यावर त्यांना कळेल आणि ते तिच्याकडे बघतील.

शुक्रवारी उणे तीस होतं. इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर लावलेला विजेचा प्लग शंतनूने काढला, इंजिन तापवलं, बॅगा डिकीत ठेवल्या. अरुणाने वाटीत दही-साखर कालवली. जाणाऱ्याच्या हातावर घरी राहणाऱ्याने दही घालायचं, ही तिच्या सासरची रीत. आज खरा जाणारा कोण हे तिला ठाऊक होतं. तेवढं तरी रीतीने व्हावं.

शरदचंद्रांनी तिच्या हातातला चमचा काढून घेतला. "आण तुझा हात," म्हणाले, आणि तिच्याच तळव्यावर दही घातलं. अर्धं दही फरशीवर सांडलं.

रीतसुद्धा विसरले! तिने दही चाटलं, फरशी पुसली आणि कोट चढवला.

शंतनूने गाडी एअरपोर्टच्या उलट दिशेला वळवली. हे त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून अरुणा भरभर बोलत सुटली. मिशनचं पांढरं चर्च, बाहेर तळून मिळणारी ती भाकरी, मेळ्यात तिने हट्टाने घेतलेला जांभळा दगड. शरदचंद्रांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. दुतर्फा बर्फाने भरलेली शेतं सरत होती आणि तिच्याकडची टूसॉनची ठिकाणं संपत आली होती.

शेवटी तिला राहवलं नाही. "माझ्यावर रागावू नका हं," ती म्हणाली.

"मी? तुझ्यावर?" त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

होम बरं होतं. बैठं, उबदार, आत सूपचा वास. शंतनू कागदांवर सह्या करायला काउंटरकडे गेला. दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसली. थोड्या वेळाने एक नर्स हातात नाव छापलेला प्लास्टिकचा पट्टा घेऊन आली.

अरुणाने मनावर दगड ठेवला. शरदचंद्रांच्या कोटाची बाही मागे सारली आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "हात पुढे करा. विमानात बसायच्या आधी बांधतात हे."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी रोज दुपारी येईन, अरुणा," ते म्हणाले.

येईन म्हणे! कुठून येणार होते, बिचारे? तिने त्यांचा हात उचलून नर्सपुढे धरला.

नर्सने तो हळूच बाजूला केला आणि पट्टा अरुणाच्या मनगटाला बांधला.