संदर्भ हवा

"राजा-बिजा काढ ते," नानाजी बोरकुटे म्हणाले आणि पुन्हा लाखोरीची भाजी निवडायला लागले.

ज्योत्स्नाने 'झाडीपट्टीचा राजा' हे शब्द यादीत टिपले. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर जन्म काढलेल्या नानाजींना, ऑनलाइन ज्ञानकोशात आपल्यावर एक पान आहे, हे आठ दिवसांपूर्वी कळलं होतं. तेव्हापासून दुपारची जेवणं झाली की सिंदेवाहीच्या त्या अंगणात बापलेकीचं हेच काम चालायचं. ती चंद्रपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती, सुटी काढून आली होती. पान कुणी लिहिलं ठाऊक नव्हतं, पण लिहिणाऱ्याने हात सैल सोडला होता. स्वतःचं पान स्वतः बदलायचं नाही, घरच्यांनीही नाही, असा तिथला नियम. म्हणून ती चुकांची यादी त्या पानाला जोडलेल्या चर्चापानावर टाकत होती, संपादकांनी बघून बदल करावेत म्हणून.

नवल हे, की म्हाताऱ्याची प्रत्येक दुरुस्ती त्याला लहान करणारी होती. तीन हजार प्रयोग? हजारही धड भरले नसतील. पदं स्वतः रचली? ती पेटीवाल्याची. सोन्याचं पदक? पितळेचं, आणि तेही सगळ्या मंडळाला मिळून एक. आयुष्यभर पुस्तकांत वावरलेल्या ज्योत्स्नाने स्वतःच्या मोठेपणाला अशी कात्री लावणारा माणूस पाहिला नव्हता.

मग ती ओळ आली. सगळ्या झाडीपट्टीला ती पाठ होती. पत्नीला दुपारी अग्नी देऊन नानाजींनी त्याच रात्री बैराग्याची भूमिका केली, आणि तो त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रयोग ठरला. लग्नात, मंडईत, एसटीत लोकांनी ज्योत्स्नाला हे सांगितलं होतं. ती कुणाची मुलगी हे कळलं की हात जोडले होते.

"हे खोटं हाये," नानाजी म्हणाले. "त्या राती मी नव्हतो. लटारू होता."

लटारू म्हणजे मंडळाचा प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत तालमी थोड्या आणि नाटकं फार, त्यामुळे पडद्याआडून वाक्य पुरवणारा माणूस हाच नाटकाचा कणा. सगळ्यांच्या भूमिका त्याला पाठ. बैराग्याच्या जटा आणि दाढी लावून तो उभा राहिला. त्या रात्री आडून वाक्य पुरवायला कुणी उरलं नव्हतं, तरी एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. नानाजींच्या नावावर तिकीट काढून आलेल्या गावाला हे कळलं असतं, तर मंडळाला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. म्हणून सगळ्यांनी शपथ घेतली, घरच्यांनीसुद्धा. गेल्या वर्षी मंडळ बंद पडलं. आता शपथ सुटली, असं नानाजींचं म्हणणं.

"सगळ्यात चांगला झाला, हे खरं हाये," ते म्हणाले. "पण तो त्याचा व्हय. त्याले देऊन टाक."

तिने तसं लिहून पाठवलं. तासाभरात कुणा अनोळखी संपादकाचं उत्तर आलं. व्यक्तीचं स्वतःचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही, प्रकाशित संदर्भ द्यावा. तिने ते वाचून दाखवलं. नानाजी पोट धरून हसले.

"जन्मभर दुसऱ्याचं बोललो तं टाळ्या भेटल्या. आता आपलं बोलून राह्यलो तं पुरावा मागते."

ज्योत्स्नाला एक विचारायचं होतं. मग तुम्ही त्या रात्री कुठे होता? प्रश्न ओठांवर आला आणि तिथेच थांबला. उत्तर भलतंच निघालं तर? उद्या विचारू, असं ठरवून ती भाजी धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजी उठले नाहीत.

तेरवी आटोपल्यावर शाळेच्या पटांगणात शोकसभा ठेवली होती. वडशापर्यंतच्या मंडळांचे लोक आले होते. सभेआधी ज्योत्स्नाने लटारूकाकांना गाठून, तुम्हीच सांगा म्हणून विनवलं. काका नकारार्थी मान हलवत राहिले. त्या दुपारी स्मशानातून परतल्यावर नानाजीभाऊने बैराग्याच्या कपड्यांची पेटी आपल्या हाती दिली आणि स्वतः नागभीडच्या गाडीत बसला, एवढं त्यांनी सांगितलं. पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"पण मले बोलाले नोको लावू, बाई. भाऊ गेला. आता त्याच्या अंगावरचं उतरवून मी घालू काय?"

ते जाऊन शेवटच्या रांगेत बसले.

वक्त्यांमागून वक्ते उठले आणि प्रत्येकाने तीच रात्र सांगितली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेवटी ज्योत्स्नाच्या हाती माइक आला. तिने ग्रंथपालाच्या नीट भाषेत सांगितलं, की त्या रात्रीचा बैरागी लटारूकाकांनी केला होता आणि बाबांच्या मते तसा बैरागी पुन्हा झाला नाही.

सभेत कुजबुज उठली. कुणीतरी म्हणालं, दुःखात माणूस काहीही बोलतो. पुढच्या रांगेतल्या वार्ताहराने लिहिता लिहिता मान वर केली. तुम्ही तेव्हा केवढ्या होता ताई, हे कुणाच्या भरवशावर छापायचं, असं त्याने अदबीने विचारलं.

ज्योत्स्ना पुन्हा बोलू लागली तेव्हा तिची नीट भाषा गळून पडली होती.

"पाच वर्षांची होती मी. गोवर निघाला म्हणून मले नागभीडले आत्याकडे ठेवलं होतं. त्या राती बाबा माह्या उशाशी बसून होते. निंबाचा पाला फिरवत होते अंगावरून. नाटकातला माणूस, पण रातभर तोंडातून एक शब्द नाई निघाला. पहाटे उठून गेले. सकाळी आत्या म्हणाली, तापात सपन पडलं तुले, बाबा तं नाटकात होते. मी तिचं खरं मानलं. कोणाले सांगितलं नाई. बाबाले पण नाई."

शेवटच्या रांगेत लटारूकाका उठून उभे राहिले होते.

"सपन नव्हतं ते," ती म्हणाली. "मी जागी होती."