शिफारसपत्र

"सर, अर्ज दुसऱ्यांदा परत आला," डॉ. हर्षदा म्हणाली. नवजात बाळांच्या काविळीवर तिला स्वतंत्र संशोधन करायचं होतं. निधी देणाऱ्यांचा शेरा मात्र तोच होता: 'कल्पना उमेदवाराची स्वतःची वाटत नाही.'

सरांनी चष्मा लावून आपलंच शिफारसपत्र पुन्हा वाचलं. माझी लॅब, माझी विद्यार्थिनी, माझं मार्गदर्शन. कौतुक करता करता त्यांनी सगळं आपल्याच नावावर करून टाकलं होतं.

"तू पहिल्यांदा ही कल्पना सांगितलीस, तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"जाऊ द्या ना, सर."

"सांग."

"वेळ वाया घालवू नकोस, म्हणालात."

सरांनी ते पत्र फाडलं आणि नवं लिहून तिच्या हातात दिलं.

'ही कल्पना डॉ. हर्षदा टिळेकर यांची आहे. मी ती धुडकावली होती. चूक माझी होती.'