दुसरी वायर

"सिस्टर, वायर ओढते. स्क्रीनवर लक्ष ठेवा," वैजयंती सर्व्हररूममधून फोनवर म्हणाली. सर्व्हरची एक वायर सुटली तर दुसरीने क्षणात काम उचलावं, अशी सोय तिने हॉस्पिटलला नुकतीच करून दिली होती. वर आयसीयूत प्रत्येक खाटेशी एक नर्स उभी होती.

तिने पहिली वायर ओढली.

"गेले! सगळ्या पेशंटचे आकडे गेले!"

वैजयंतीने रॅकमागे पाहिलं, तर दुसरी वायरही लोंबत होती. तिला जागी धरून ठेवणारा खटका तुटलेला, म्हणून सर्व्हररूम सांभाळणाऱ्या, आत्ता शेजारीच उभ्या असलेल्या टिपणीस सरांनी खंडेनवमीच्या पूजेत लाल दोऱ्याने ती पहिलीला बांधून टाकली होती. वैजयंतीने दोन्ही घाईघाईने खोचल्या.

"आले," सिस्टरने श्वास सोडला.

वैजयंतीने कात्री उचलली.

"अगं, पूजेचा दोरा आहे तो! सुटू नये म्हणून बांधलाय," सर कळवळले.

"त्यानेच दोन्ही सुटल्या, सर."

दोरा कापून, दुसरी वायर नवी लावून तिने पुन्हा फोन कानाला लावला. सरांनी डोळे मिटले.

"मॅडम," थोड्या वेळाने सिस्टर वैतागली, "ओढा ना आता! किती वेळ उभं राहायचं?"

ओढलेली पहिली वायर केव्हाची वैजयंतीच्या मुठीत होती.